लहान फुलरेंज स्पीकर आणि सबवूफर: मोकळे कसे करावेत, जुळवावेत कसे

परभणीत माझं ॲम्प्लिफायर आणि स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे. पूर्वी गिऱ्हाईक यायचं ते दणका मागत यायचं. आता तरुण पोरं तीन-चार इंची फुलरेंज स्पीकर, म्हणजे सगळे सूर एकट्यानंच वाजवणारे, ऑनलाइन मागवतात, सुताराकडून डबे करून घेतात आणि जोडीला फक्त खालच्या सुरांसाठी आठ नाहीतर दहा इंची सबवूफर लावतात. मला हे मनापासून आवडतं, कारण माणसाचा गळा ऐकायला यापेक्षा चांगली आणि परवडणारी जोडणी मला तरी माहीत नाही. पण जोडून झालं की दुसऱ्याच दिवशी फोन येतो: "काका, आवाज लईच कोरडा वाजायलाय. शंभर तास वाजवा म्हणून लिहिलंय कागदावर. तवर असंच ऐकायचं का?"

शंभर तास थांबायची गरज नाही. नवा स्पीकर मोकळा व्हावा लागतो हे खरं, पण ते काम बरंच लवकर उरकतं. आवाज कोरडा, पोकळ किंवा घुमट वाटतो त्याची मोठी कारणं दोन: लहान स्पीकरवर नको तो बेस टाकलेला असतो, आणि सबवूफर खोलीत चुकीच्या जागी बसवलेला असतो. म्हणून मोकळं करण्याचं आधी सांगतो आणि जुळवण्यावर जास्त वेळ घेतो.

स्पीकर मोकळा होतो म्हणजे काय

कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा, दोन ठिकाणी धरलेला असतो. कडेला रबर किंवा कापडाची सराउंड, आणि मागे कॉइलजवळ (कोनाला हलवणारं तारेचं वेटोळं) नागमोडी घड्यांचा स्पायडर. स्पायडर म्हणजे राळ पाजून घट्ट केलेलं कापड. नवीन असताना ते खळ दिलेल्या कापडासारखं ताठ असतं. कोन पुढे-मागे हलू लागला की राळेचे बारीक बंध सुटतात, स्पायडर नरम पडतो आणि स्पीकरची स्वतःची गुंजण्याची वारंवारता, म्हणजे एफएस, थोडी खाली येते. यातला मोठा भाग सुरुवातीच्या काही तासांतच होऊन जातो. पुढे जो फरक 'जाणवतो', त्यातला बराचसा आपल्या कानाला त्या आवाजाची सवय झाल्यामुळे असतो. शिवाय स्पीकर बंद डब्यात बसवला की आतली हवाही स्प्रिंगसारखी काम करते. लहान डब्यात तिचाच जोर जास्त, त्यामुळे स्पायडर नरम पडल्याचा परिणाम आणखी कमी दिसतो.

करायचं कसं ते सांगतो. आधी दीड व्होल्टचा साधा सेल घेऊन क्षणभर स्पीकरच्या दोन टोकांना लावा. सेलचं धन टोक लाल खुणेच्या टर्मिनलला लागल्यावर कोन बाहेर यायला हवा. आत गेला तर खूण उलटी आहे, तिथेच पेनानं लिहून ठेवा. ही तपासणी एका मिनिटाची आहे, पण पुढे फेज, म्हणजे सगळे कोन एकाच वेळी पुढे-मागे हलणं, जुळवताना तिच्यावाचून सगळं अंदाजपंचे होतं.

मग दोन्ही डबे तोंडाला तोंड लावून, मध्ये बोटभर जागा ठेवून उभे करा. एका डब्याच्या वायरी त्याच्याच चॅनेलवर उलट्या जोडा. दोन चॅनेलच्या ऋण वायरी एकमेकींना जोडू नका. आजच्या बऱ्याच क्लास-डी ॲम्प बोर्डांना ते चालत नाही. आता दोन्हीकडे एकच मोनो आवाज द्या. एक कोन पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, मधली हवा नुसती इकडून तिकडे सरकते आणि खालचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. वरून जुनी गोधडी पांघरली की शेजारच्या खोलीतली माणसं झोपू शकतात. सिग्नल स्टेरिओ असेल तर ही युक्ती चालत नाही, तेव्हा फोनमध्ये मोनो चालू केलंय ना ते बघून घ्या.

पातळी ठरवायला टोन जनरेटर ॲपवर १०० हर्ट्झचा सूर लावा आणि स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरनं एसी व्होल्टेज बघा. ८ ओहमच्या स्पीकरवर २.८३ व्होल्ट म्हणजे एक वॉट. तीन इंचीला दोन व्होल्ट, म्हणजे अर्धा वॉट, पुरे. मग व्हॉल्यूमला हात न लावता सुराच्या जागी पिंक नॉइज, म्हणजे सगळे सूर मिसळलेला खरखराट, लावा. मीटर नॉइजवर नीट वाचत नाही, म्हणून माप आधी सुरावर घ्यायचं. कोन डोळ्याला जेमतेम हलताना दिसला पाहिजे. रात्रभर चालू द्या, काम झालं. एप्रिल-मे महिन्यात मात्र हे पत्र्याच्या खोलीत भर दुपारी करू नका. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश असताना आत कॉइलला थंड व्हायला वाव नसतो, आणि लहान कॉइल गोधडीखाली तापते. पहाटेपर्यंतचा वेळ उत्तम.

मोकळा झाला की नाही हे कानावर सोडायचं नसेल तर मोजता येतं. मोजताना स्पीकर डब्याबाहेर काढलेला हवा. ॲम्पच्या एका वायरीत १०० ओहमचा रेझिस्टर ओवून स्पीकर जोडा आणि ॲम्पमधून तीन व्होल्टच्या आसपास सूर द्या. मीटर स्पीकरच्या दोन टोकांवर ठेवून सूर ६० हर्ट्झपासून हळूहळू वर न्या. एका ठिकाणी व्होल्टेज चढतं आणि पुन्हा उतरतं. जिथे सगळ्यात जास्त, ती एफएस. नव्या तीन इंचीला आकडा ११५ च्या घरात आला आणि सकाळी तोच १०५ वर उतरला, तर स्पायडरनं आपलं काम केलं असं समजा. पुढच्या रात्रीनंतर आकडा हलला नाही की थांबा. यासाठी दोन व्होल्टची एसी रेंज असलेला मीटर लागतो; दोनशे व्होल्टपासून सुरू होणाऱ्या स्वस्त मीटरवर हा चढ-उतार नीट दिसत नाही. मोजण्याआधी स्पीकर तासभर गार होऊ द्या, कारण गरम स्पायडर तसाही नरम असतो.

सबवूफरचं वेगळं काही करायला नको. त्याचा स्पायडर जाड असतो, वेळ थोडा जास्त लागतो, पण गाणी वाजवूनच तो मोकळा होतो. पाइपवाला डबा असेल तर एवढं पाळा: पाइप ज्या वारंवारतेवर जुळवलाय (ट्यूनिंग), त्यापेक्षा खालचा सूर मोठ्यानं देऊ नका. तिथे डब्यातल्या हवेचा आधार सुटतो आणि कोन वाटेल तेवढा उडतो. वीस हर्ट्झचा सूर लावून कोन नाचताना व्हिडिओ काढायची हौस कॉइलच्या मुळावर येते.

बेसचं ओझं उतरवा

आता मुख्य काम. फुलरेंज स्पीकरची खुबी ही की दोन-तीन हजार हर्ट्झच्या पट्ट्यात, जिथे आपला कान सगळ्यात तीक्ष्ण असतो, तिथे आवाज वूफर (खालच्या सुरांचा) आणि ट्वीटर (वरच्या सुरांचा) यांच्यात तुटत नाही. गळा एका जागेवरून येतो. पण त्याच लहान कोनाला बेसही उचलायला लावला तर काय होतं? आवाज तेवढाच ठेवून वारंवारता निम्म्यावर आणली, तर कोनाला चौपट हलावं लागतं. २०० हर्ट्झला पाव मिलिमीटर हलणारा कोन ५० हर्ट्झला चार मिलिमीटर मागतो, आणि तीन इंचीकडे तेवढी जागाच नसते. कॉइल चुंबकाच्या फटीबाहेर जाते आणि गाणाऱ्याचा आवाज प्रत्येक ठेक्याबरोबर फाटतो. लोक याला 'कच्चा स्पीकर' म्हणतात आणि शंभर तास वाट बघत बसतात.

सबवूफरच्या मागच्या ॲम्पवर 'लो-पास'चं बटण असतं. ते सबला वरचे सूर देत नाही, एवढंच. लहान स्पीकरकडे मात्र खालचं सगळं जातच राहतं. ते अडवायला कंडेन्सर लागतो, आणि तो दोन ठिकाणी बसवता येतो. स्पीकरच्या वायरीत बसवला तर ८ ओहमला, १५० हर्ट्झच्या खालचं कापायला, साधारण १३३ मायक्रोफॅरड येतो, तोही नॉन-पोलर (धन-ऋण टोक नसलेला). मला ही पद्धत आवडत नाही. स्पीकरचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) एफएसच्या आसपास आठाचा पन्नास-साठ ओहम होतो, आणि आपण कापतोय नेमकं तिथेच. कागदावरचं गणित प्रत्यक्षात उतरत नाही.

त्यापेक्षा ॲम्पच्या इनपुटवर, सिग्नलच्या वायरीत, लहानसा पॉलिस्टर कंडेन्सर लावा. सूत्र सोपं आहे: १,५९,००० ला वारंवारतेनं आणि ओहममधल्या इनपुट इम्पीडन्सनं भागा, उत्तर मायक्रोफॅरडमध्ये येतं. इनपुट १० किलोओहम असेल तर ०.१ मायक्रोफॅरडनं काप १५९ हर्ट्झवर येतो. ५० किलोओहम असेल तर ०.०२२ नं १४५ वर. काही रुपयांचा माल आहे, दोन चॅनेलला दोन नग. सबवूफरला जाणारी वायर मात्र या कंडेन्सरच्या आधीच फोडून घ्या, नाहीतर सबचाच बेस कापला जाईल. ॲम्पवर व्हॉल्यूमचा पॉट (फिरवायचं बटण) असेल तर तो एका जागी ठेवून आवाज फोनवरून कमी-जास्त करा, कारण पॉट फिरवला की इनपुटचा इम्पीडन्स बदलतो आणि काप सरकतो.

कुठे कापायचं? तीन इंचीला १५०, चार इंचीला १२०, पाच इंचीला १०० किंवा ८०. होम थिएटरवाले सगळीकडे ८० सांगतात, कारण त्याखालचा आवाज कुठून येतो ते कानाला ओळखता येत नाही. पण त्यांचे बाजूचे स्पीकर मोठे असतात. आपण १५० वर कापतोय म्हटल्यावर सबची जागा कानाला कळू शकते, तेव्हा तो दोन स्पीकरांच्या मध्ये किंवा एकाच्या शेजारी ठेवावा लागतो. सोफ्यामागे, दाराआड असले प्रयोग इथे चालत नाहीत.

खोली

आपल्याकडे घरं तीन तऱ्हेची. गावाकडे माळवद: जाड दगड-मातीच्या भिंती, वर लाकडी कड्या आणि मातीचा थर. माझ्या कानाला ऐकायला ही खोली सगळ्यात चांगली, कारण मधला आणि वरचा आवाज तिथे उसळत नाही. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर अशा जड छतांची लोकांनी धास्ती घेतली आणि स्लॅब वाढले, ते योग्यच झालं. पण स्लॅब, सिमेंटचा गिलावा आणि शहाबादी फरशी, म्हणजे सहाही बाजूंनी कडक. तिथे टाळी वाजवली तर मागे झणझण ऐकू येते. तिसरी तऱ्हा पत्र्याची.

स्लॅबच्या खोलीचं गणित फुटांत मांडता येतं. ५६५ ला खोलीच्या लांबीनं भागा. जे येईल त्या हर्ट्झवर त्या दिशेनं बेस घुमतो. दहा बाय बाराची खोली घ्या: बारा फुटांवर ४७, दहा फुटांवर ५६. आता छतही दहा फुटांवर असेल तर ५६ दोनदा येतो आणि एकावर एक चढतो. पखवाजाची एकच थाप कानात रेंगाळत राहते ती यामुळे. स्पीकर बदलून, तास मोजून हे जात नाही.

सबची जागा शोधायची पद्धत थोडी उलटी वाटेल. सब उचलून तुम्ही ऐकायला बसता त्या जागी ठेवा. बेसचा एखादा संथ, एकसारखा तुकडा लावा आणि स्वतः गुडघ्यावर बसून, डोकं खाली ठेवून, भिंतीच्या कडेकडेनं खोलीभर फिरा. कोपऱ्यात बेस फुगलेला लागेल, कुठे पार नाहीसा होईल, आणि एखाद-दोन ठिकाणी प्रत्येक सूर सारख्या वजनानं ऐकू येईल. सब तिथे ठेवायचा. वर सांगितल्याप्रमाणे तो स्पीकरांजवळ हवा, त्यामुळे पुढच्या भिंतीच्या लांबीतच जागा शोधा. कधीकधी वीतभर सरकवल्यानं फरक पडतो. घरातल्या माणसांना आधी सांगून ठेवा, म्हणजे हे काय चाललंय असं विचारणार नाहीत.

लहान स्पीकर अरुंद डब्यात असतात, म्हणून खोलीच्या मधोमध ठेवले तर आवाज पातळ येतो. खालचे सूर डब्याला वळसा घालून मागे पसरतात. भिंतीपासून अर्धा-पाऊण फुटावर आणले की गळ्याला अंग येतं. अगदी चिकटवू मात्र नका. मागच्या कडक भिंतीवर गोधडी टांगली तर झणझण कमी होते, पण ५६ हर्ट्झच्या घुमण्याला गोधडी काहीही करत नाही. त्या लाटेची लांबी वीस फूट, आणि गोधडी बोटभर जाड.

खडखड वेगळी शोधा. सबवर सूर ३० पासून १०० हर्ट्झपर्यंत सावकाश चढवा आणि घरभर कान देऊन फिरा. मांडणीवरची स्टीलची ताटं, लोखंडी कपाटाचं दार, खिडकीची काच, देवघरातली घंटी, प्रत्येकाचा स्वतःचा आकडा असतो आणि नेमक्या त्या आकड्यावर ते बोलतं. पत्र्याच्या घरात हुकखालचे रबरी वॉशर उन्हानं वाळून फुटलेले असतात. ते बदलल्याशिवाय तिथला बेस स्वच्छ होणार नाही; पावसाळ्यात गळतीही थांबते.

जुळवणं

आधी फेज. तुम्ही ज्या वारंवारतेवर कापलंय तोच सूर, समजा १२० हर्ट्झ, दोन्हीकडे लावा. ऐकायच्या जागी बसा आणि दुसऱ्या कोणाला तरी सबच्या मागचं फेजचं बटण शून्य आणि १८० मध्ये फिरवायला सांगा. ज्या बाजूला आवाज भरून मोठा येतो ती बरोबर. बटण नसेल तर सबच्या वायरी उलट्या करून बघा. फोनवरचं आवाज मोजायचं ॲप इथे चालतं, कारण आपल्याला फक्त कमी-जास्त बघायचंय. फोनचा माइक खालचे सूर कमी दाखवतो, तेव्हा ५० हर्ट्झ आणि ५०० हर्ट्झची तुलना त्याच्यावर करू नका. ते करायचं असेल तर यूएसबीचा मोजणीचा माइक आणि 'रूम ईक्यू विझार्ड' हे मोफत सॉफ्टवेअर घ्या.

मग पातळी, आणि इथे मी गाणं लावायच्या आधी बोलणं लावतो. आकाशवाणीवरच्या बातम्या, पुरुषाचा आवाज. सब पूर्ण बंद ठेवून ऐका, मग शून्यापासून वाढवत न्या. निवेदकाची छाती फुगल्यासारखी वाटली किंवा आवाजाचा एक तुकडा जमिनीवरून यायला लागला की मागे या. तेवढ्यानं भागलं नाही तर लो-पास खाली आणा: १२० चं १०० करा.

त्यानंतर नुसता तानपुरा. हा माझा सगळ्यात विश्वासाचा कस आहे. काळी एकच्या पुरुषी तानपुऱ्यात जोडीच्या तारा साधारण १३९ हर्ट्झवर आणि खर्ज ६९ वर असतो. तुम्ही १२० वर कापलंय म्हणजे जोडीचा मूळ सूर लहान स्पीकरमधून येतोय आणि खर्जाचा सबमधून, तर खर्जाचे वरचे स्वरांश पुन्हा लहान स्पीकरमधूनच. वाद्य एक, पेट्या तीन. डोळे मिटून ऐका. खर्जाची चौथी तार छेडली की भोपळा एकच वाटला पाहिजे आणि तो दोन स्पीकरांच्या मध्ये असला पाहिजे. खर्ज मागे राहत असेल, उशिरा आल्यासारखा वाटत असेल, तर सब इंच-दोन इंच पुढे-मागे करा आणि फेज पुन्हा तपासा. खर्ज जोडीपेक्षा मोठा असेल तर पातळी खाली. यात एक संध्याकाळ गेली तरी हरकत नाही. पुढची कित्येक वर्षं त्यावर ऐकायचंय.

शेवटी पखवाज, चांगलं ध्वनिमुद्रण असलेल्या कीर्तनातला. धुमेवर (डाव्या बाजूवर) ओली कणीक लावलेली असते, तिची थाप खोल पण आखूड असते. ती 'धा' म्हणून संपली पाहिजे. 'धाऽऽ' अशी लांबत असेल तर ते खोलीचं घुमणं आहे. सब कोपऱ्यापासून दूर घ्या. टाळांचा किणकिणाट कानात टोचत असेल तर लहान स्पीकर थेट तोंडावर न रोखता थोडे बाहेर वळवा. फुलरेंजचा वरचा आवाज सरळ समोरच्या रेषेत जोरकस असतो, रेषेतून बाजूला गेलात की मऊ होतो. पाच-दहा अंशांत हवं ते मिळतं.

सगळं बसलं की सबवरच्या बटणांच्या जागा पेन्सिलीनं खूण करून ठेवा. लहान मुलं ती फिरवतातच.

वीज आणि हवा

हम, म्हणजे सतत एकसुरी गुणगुण, येत असेल तर स्पीकरमध्ये दोष शोधण्याआधी ॲम्प, सब आणि ज्यावरून वाजवता ते उपकरण एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. निम्मी प्रकरणं तिथेच मिटतात. उरलेल्यांत अर्थिंग बघा. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. मार्चपासून त्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओता. लाइट गेल्यावरच गुरगुर येत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे, त्याला प्युअर साइन वेव्ह हाच उपाय.

उन्हाळ्यात गरम हवेत आवाज जलद पळतो, त्यामुळे ५६ हर्ट्झचं घुमणं एक-दोन हर्ट्झ वर सरकतं आणि स्पायडरही नरम पडतो. मे महिन्यात बेस किंचित वेगळा वाटला तर लगेच बटणं फिरवू नका. फरक लक्षात येण्याइतका असेल तर रात्री, खोली निवल्यावर, तानपुरा लावून पुन्हा बघा. पावसाळा सुरू झाला की एमडीएफचे डबे दमट हवेनं फुगतात आणि स्पीकरचे स्क्रू ढिले पडतात. ते समोरासमोरचे आळीपाळीनं, हलक्या हातानं आवळा. गॅस्केटमधून हवा सुटते का बघायला सबवर ३० हर्ट्झचा बारीक सूर लावून ओला हात डब्याच्या कडेनं फिरवा. जिथे गार फुंकर लागेल, तिथे नवी फोमची पट्टी चिकटवा.